डबा रिकामा झाल्यावर

९ जानेवारी

घाईबाई,

तुझा फोन आला होता. म्हणजे फोन थरथरला, वर तुझा फोटो दिसला, मी उचलून कानाला लावला. डब्यात खडे घालून हलवावेत तसं काहीतरी दोन मिनिटं ऐकलं आणि ‘बरं, बरं’ म्हणून ठेवून दिला. कशाला बरं म्हणालो ते देव जाणे. घर विकायला होकार घेतला असशील तर तो धरू नकोस. फोनवर लिहायला जावं तर एक अक्षर दाबलं की तीन उमटतात. तेव्हा आता आपलं पत्रच बरं.

डाव्या कानाचं तुला ठाऊकच आहे. आमचं स्टोअर पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपला चिकटून होतं, तो कान मी कंपनीलाच देऊन आलो. उजवा अजून कामावर आहे. फोनमधलं त्याला कळत नाही, पण कोणी शेजारी बसून सावकाश बोललं तर सगळं कळतं.

मागच्या खेपेला तू लिहिलंस की तुमच्या फ्रीजच्या कारखान्यातलं स्टोअर तू रिकामं करून दाखवलंस आणि साहेबांनी खूश होऊन तिथे बॅडमिंटनचं कोर्ट आखून दिलं. सगळी नोकरी मी स्टोअर भरलेलं राहावं म्हणून डोळ्यांत तेल घालून बसलो, आणि माझी मुलगी ते रिकामं केल्याबद्दल शाबासकी घेते. आमच्याकडे प्रत्येक फळीवर एक लाल रेघ असायची. माल रेघेपर्यंत उतरला की मागणी गेलीच पाहिजे. रेघेखाली गेला तर माझी झोप उडायची. तुझी आई म्हणायची, यांना मुलगी झाली तेव्हा आनंद झाला, पण बोल्टांची गाडी आली तेव्हा जास्त झाला.

तिच्या साबणाच्या वड्या अजून कपाटात आहेत. तो साबण बंद होणार अशी आवई उठली होती, तेव्हा मी खोकंभर आणून ठेवला होता. साबण बंद झालाच नाही. वड्या उरल्या. मी त्या वापरत नाही, नुसतं कधीतरी कपाट उघडतो.

माल ठेवत नाही म्हणतेस, तर फ्रीज कशाचे करता तेवढं समजावून सांग.

तुझा,
स्टोअरकीपर (निवृत्त)


१७ जानेवारी

बाबा,

घर विकायचं नव्हतं. जेवलात का, एवढंच विचारत होते. त्याला ‘बरं, बरं’ हे उत्तर मी ‘जेवलो’ असं धरलं आहे.

माल असतो हो, पण आमच्याकडे नसतो, वाटेवर असतो. कंप्रेसर सकाळी गेटातून आत येतो आणि दुपारी फ्रीजच्या पाठीला बसलेला असतो. आसपासच्या सप्लायरांकडून पत्रा, वायरी, प्लास्टिकचे ट्रे येतात. दाराचं रबर तेवढं समुद्रापलीकडून येतं. पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेला पैसा, जागेचं भाडं, वर गंज आणि उंदीर. माझं काम एवढंच की जे लागेल ते, लागेल तेवढंच आणि लागेल तेव्हाच दारात आणायचं. उशीर झाला तर फ्रीज जोडायची लाइन थांबते. लवकर आलं तर ठेवायला जागा नाही.

हे सगळं चालतं कार्डांवर. प्रत्येक खोक्याला एक कार्ड. खोकं रिकामं झालं की कार्ड सप्लायरकडे जातं आणि तेवढंच एक भरलेलं खोकं येतं. खोकं रिकामं होण्याआधी कार्ड सोडायचं नाही, हा पहिला नियम. भीतीपोटी कोणी लवकर कार्ड सोडलं की मी ते सरळ परत पाठवते. एकाने धीर सोडला की सगळेच साठे करायला लागतात.

सोबत तुमच्या घरासाठी केलेली कार्डं आहेत. चहा, साखर, तांदूळ, रक्तदाबाच्या गोळ्या, घड्याळाचा सेल. समोरच्या दुकानदाराशी फोनवर बोलून ठेवलंय. डबा रिकामा झाला की त्याचं कार्ड दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवा. त्यांचा माणूस रोज दुपारी बघून जाईल आणि आणून देईल. तुम्हाला जिना उतरायला नको, ओझं नको. तुमची ती खोलीभर पोती एकदाची संपू द्या.

माझ्या खोलीत सध्या चहा आठवड्यापुरता आणि ताट एकच आहे. पाहुणा आला तर पंचाईत होईल. पण कोणी येत नाही, म्हणून निभावतंय.

घाई


३० जानेवारी

घाईबाई,

कार्डं मिळाली. अक्षर तुझ्या आईच्या वळणाचं आहे, हे मी तुला आधी कधी सांगितलं नव्हतं.

पद्धत चालू केली. साखर संपली, कार्ड अडकवलं, दुपारी साखर आली. पूर्वी मी महिन्यातून एकदा पिशव्या घेऊन जायचो, दुकानदार मला स्टुलावर बसवायचा, उजव्या कानाशी येऊन गावभरच्या चुगल्या सांगायचा, दीड-दोन तास सहज जायचे. आता त्याचा माणूस येतो, कार्ड घेतो, पुडा ठेवतो आणि जातो. एक शब्द न बोलता माझा संसार चालतो. पद्धत उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

एक शंका आहे. रोज थोडं थोडं आणायचं म्हणजे गाड्या रोज पळवायच्या. गाडी अर्धी भरली असली तरी डिझेल पूर्णच पिते, आणि ड्रायव्हरला अर्धा पगार देता येत नाही. गोदामाचं भाडं वाचवून तुम्ही ते रस्त्यावर उधळता असं मला वाटतं. आणि वाटेत गाडी अडली म्हणजे? आमच्यात माल फळीवर झोपलेला असे, तुमच्यात तो घाटात बंद पडलेल्या ट्रकमध्ये जागा असतो. स्टोअरकीपर मात्र दोन्हीकडे जागाच.

सगळ्या वस्तूंची कार्डं केलीस, एक राहिलं. तुझं. ते पण कर, म्हणजे तू कधी यायचं हा घोळ मिटेल.

स्टोअरकीपर


८ फेब्रुवारी

बाबा,

तुम्ही आणि आमचे हिशेबाचे साहेब एकाच सुरात बोलता. स्टोअर रिकामं झाल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि वाहतुकीचं बिल आल्यावर मलाच केबिनमध्ये बोलावलं. भाडं जवळपास दुप्पट झालं होतं. चुकत नव्हते ते. आसपासचे सात सप्लायर रोज आपापली गाडी पाठवत होते, निम्म्या गाड्यांत हवाच जास्त. शिवाय गेटापाशी रांग लागली की गाडी उभी ठेवल्याचे पैसे वेगळे.

आता मी एकच मोठी गाडी लावली आहे. दूधवाला घरोघर थांबतो तशी ती पहाटेपासून एकेका सप्लायरच्या दाराशी थांबते, थोडं थोडं उचलते आणि भरून आमच्याकडे येते. परत जाताना रिकामी खोकी घेऊन जाते. भाडं खाली आलं. ड्रायव्हर मला ‘दूधवाली मॅडम’ म्हणतात. आता रस्त्यात कुठेही अर्धी रिकामी गाडी दिसली की जीव खालीवर होतो. एका कामासाठी एक फेरी हे मला बघवतच नाही.

तुमच्या मागणीनुसार कार्ड सोबत जोडलं आहे. काही राहिलं असेल तर कळवा:

वस्तू: घाई. नग: एक. कार्ड मिळाल्यापासून दुसऱ्या दिवशी दारात. अट: डबा रिकामा झाल्यावरच.

पत्र लिहिताना एकटीच हसत होते. शेजारच्या खोलीतल्या बाईंनी भिंतीवर टकटक केलं. त्यांच्याशी माझं एवढंच बोलणं आहे.

घाई


२ मार्च

घाईबाई,

परवा कानाच्या डॉक्टरबाईंकडे जाऊन आलो. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या. ऐकू आली की बटण दाबायचं. मी बराच वेळ वाट बघत बसलो, वाटलं अजून सुरू व्हायचंय. बाहेर आलो तर त्या म्हणाल्या, झालं. उजव्याचंही आता फार दिवस नाही म्हणतात. कानाच्या मशीनचं विचारलं तर त्यांनी खांदे उडवले. दुखत-खुपत काही नाही, घाबरू नकोस. जेवण-झोप ठीक.

तुझं कार्ड दाराच्या आतल्या खिळ्याला लावलं होतं. बाहेर लावलं असतं तर दुकानदाराच्या माणसाची पंचाईत झाली असती. आज ते काढून या पाकिटात घातलं आहे. डबा अजून अगदी रिकामा नाही, तळाशी थोडं आहे. पण मी जुन्या वळणाचा माणूस. लाल रेघ आली की मागणी टाकतो.

जमेल तेव्हा म्हणत नाही. कार्डावर दुसऱ्या दिवशी लिहिलं आहेस.

स्टोअरकीपर


९ मार्च

बाबा,

कार्ड मिळालं. ते परत पाठवते आहे. रागावू नका, नियम म्हणजे नियम. डबा रिकामा नसताना कार्ड सोडलंत, तेही कबूल करून. आमच्याकडे असं करणाऱ्या लाइनवरच्या माणसाला मी दोन शब्द सुनावते. तुम्हाला एकच सुनावते: धीर धरा.

खरं सांगायचं तर इथे नाकी नऊ आलेत. रबराचा कंटेनर ज्या जहाजावर आहे ते वादळामुळे वाटेतल्या बंदरात अडकलं आहे. बंदर कधी उघडेल कोणी सांगत नाही. माझ्याकडे रबर थोड्याच दिवसांचं आहे. रबराशिवाय दार लागत नाही आणि दाराशिवाय फ्रीज म्हणजे नुसतं कपाट.

कानाचं मी मार्गी लावलं आहे. डॉक्टरांचं सोडा, त्या खांदे उडवायचेच पैसे घेतात. इथल्या मोठ्या दुकानात चांगलं मशीन मिळतं, ते बनून यायला २८ तारीख उजाडेल. मी त्याच दिवशी ते घेऊन निघते. तुमचे डोळेही दाखवू, गॅसची नळी बदलू, घरपट्टीचं काम करू. सगळं एकाच फेरीत. आत्ता नुसतं येऊन बसायचं आणि पुन्हा २८ला यायचं, म्हणजे अर्ध्या रिकाम्या दोन गाड्या झाल्या.

घाई


१५ मार्च

घाईबाई,

कार्ड पोचलं. पुन्हा खिळ्याला लावलं. नियम मोडला हे खरं आहे, नोकरीत मी असल्या माणसाला सोडलं नसतं.

पण आता सरळच लिहितो, कारण आडून लिहिलेलं तुला कळत नाही, हे मला कळायला हवं होतं. मशीन आणू नकोस. डॉक्टरबाईंनी मागून कागदावर लिहून दिलं, नसच वाळत चालली आहे. मशीन आवाज मोठा करतं, पण तो घ्यायला आत कोणी उरलं पाहिजे.

मी रोज कानाची मोजदाद करतो. पाखरं आधीच गेली. घड्याळ मागच्या आठवड्यात गेलं, मी सेल बदलला, मग लक्षात आलं. कुकरची शिट्टी आहे. नळ कधी असतो, कधी नसतो.

तुझा लहानपणचा आवाज माझ्याकडे भरपूर आहे. पाढे म्हणणारा, भांडणारा, तापात बडबडणारा. तो डोक्यात हवा तेव्हा काढून ऐकतो. पण मोठी झाल्यापासूनचा तुझा आवाज जवळजवळ सगळा फोनवरचा. समोर बसून ऐकलेला फारच थोडा. आईच्या आजारपणात तू हळू बोलायचीस, तेवढाच. तिचा आवाज मी भरून ठेवला नाही. वाटायचं, ती आहेच की रोज घरात. आता तो काढायला गेलं की चेहरा येतो आणि ओठ हलतात. तुझं तसं होऊ नये, म्हणून लवकर मागणी टाकली होती. तू येऊन दोन दिवस शेजारी बसून काहीही बोलली असतीस तरी चाललं असतं. रबराबद्दल बोलली असतीस तरी.

एवढंच. यायचं तेव्हा ये, पण लवकर ये.

बाबा


२५ मार्च

बाबा,

हे विमानतळाजवळच्या लॉजमधून लिहिते आहे. दहा-बारा दिवस खोलीवर गेलेलीच नाही. तुमचं पत्र आलं असेल तर दाराखाली पडलं असेल.

जहाज अजून अडकलेलंच. शेवटी साहेबांनी सांगितलं, काय वाटेल ते कर पण लाइन थांबवू नकोस. तिकडच्या सप्लायरकडून नवं रबर विमानाने मागवलं. रबरापेक्षा विमानाचं भाडं कितीतरी पट. एवढ्या पैशात आम्ही वर्षभर गोदाम भाड्याने घेतलं असतं. तुम्ही हसाल, हसा. आता ते रबर इथे उतरलंय, कागदपत्रांत एक शिक्का चुकला म्हणून कस्टमच्या गोदामात अडकलंय, आणि मी रोज सकाळपासून खिडकीपुढे उभी असते. जेवते तीही उभ्यानेच.

२८ला जमणार नाही. मशीनही तयार आहे, दुकानात ठेवायला सांगितलं आहे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नक्की. तुम्ही एकटे आहात हे मला कळतं हो. मीही इथे कोणाशी बोलत नाही. शिक्केवाल्याशी बोलते, पण तो माझ्याकडे बघत नाही.

अजून थोडे दिवस कळ काढा.

घाई


३ एप्रिल

(पाकिटात फक्त कार्ड. मागच्या बाजूला:)

डबा रिकामा. नियमाप्रमाणे.


७ एप्रिल, स्वयंपाकघरातलं टेबल, वहीचं पान (आळीपाळीने दोघांचं अक्षर)

बाबा, कार्ड काल हातात पडलं. तुमचं पंधरा तारखेचं पत्रही कालच वाचलं, दोन्ही दाराखाली एकावर एक होती. तशीच निघाले. मशीन आणलं नाही.

आलीस हे बरं केलंस. चहा घे. चहाचं कार्ड आजच लावलंय, पण एका कपापुरता आहे.

मला कळलं नाही. तुम्ही लिहिलं होतं आणि मला कळलं नाही.

माझंही चुकलं. मी स्टोअरच्या भाषेत लिहिलं. बापाच्या भाषेत लिहायला हवं होतं.

मी बोलू? काहीच ऐकू येणार नाही का?

बोल. मी बघतो.


१६ एप्रिल

बाबा,

पोचले. दुसऱ्या दिवशी कामावर गेले तर लाइन बंद होती. रबरामुळे नाही. कंप्रेसरवाल्याचं मशीन बिघडलं आणि त्याच्याकडेही साठा नाही, तो आमच्याच पद्धतीने चालतो. विमानाने आणलेलं, शेवटी सुटलेलं रबर बॅडमिंटनच्या कोर्टावर खोक्यांनी रचून ठेवलंय. दोन दिवसांनी बंदर उघडून जहाजावरचंही आलं, ते त्याच्याशेजारी. जेवणाच्या सुट्टीत मी तिथे एकटी जाऊन बसले. ती खोकी बघून मला रडूच आलं. तुमच्याकडे यायचं सोडून मी यांना विमानात बसवून आणलं, आणि ती आता नुसती पडून आहेत.

साहेबांना सांगितलं, समुद्रापलीकडच्या मालाला आपली कार्डं पुरत नाहीत, थोडा साठा ठेवू. विमानाचं बिल समोरच होतं, त्यामुळे ते फार वाद घालत बसले नाहीत. मी कोर्टाच्या भिंतीवर लाल पट्टी चिकटवली आहे.

तुमच्या घरी माझं कार्ड मी आत खिळ्याला लावलेलं नाही, फाडून टाकलं. मी निघताना तुम्ही कपाटातली साबणाची एक वडी पिशवीत घातलीत, ती वापरत नाही. ताटाशेजारी ठेवली आहे. दुसरं ताटही आणलं.

आता जे तुम्हाला माहीत नाही ते लिहिते. मी दोन दिवस बोलत होते आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात. पण तुम्ही स्वतः सगळं वहीत लिहीत होतात. मी लिहून विचारलं, बोलत का नाही? तुम्ही लिहिलंत, माझा आवाज कसा निघतो ते आता मला कळत नाही, लाज वाटते. मी लिहिलं, मला ऐकू येतं बाबा, माझे दोन्ही कान कामावर आहेत, तुम्ही बोला. मग तुम्ही कप बाजूला सारलात आणि मान वर करून म्हणालात, “घाई.” लगेच विचारलंत, “फार मोठ्यानं झालं का?”

मी मान हलवून नाही म्हटलं. ते खोटं होतं. कपबशी थरथरली, समोरच्या खिडकीतल्या बाई पडदा सारून बघायला आल्या आणि खाली रस्त्यावर दुकानदाराने वर मान केली. पण आवाज तोच होता, बाबा. स्टोअरच्या दारातून मला हाक मारायचात ना, प्रेस शॉपच्या वरताण, अगदी तोच. जराही खराब झालेला नाही.

पुढच्या शनिवारी येते. नुसती येते, कुठलंही काम न घेता, पूर्ण रिकामी गाडी. मला जिन्यावर बघितलंत की हाक मारा. सगळ्या इमारतीला ऐकू गेली तरी चालेल, मला ती भरून ठेवायची आहे.

घाई